डोळ्याची इजा, भाजणे आणि रुग्णाशी बोलायचे इंग्रजी

ग्रामीण रुग्णालयात पहिली नेमणूक झालेल्या डॉक्टरसमोर एखादी आजी येऊन सांगते, 'डोळ्यात फूल पडलंय,' आणि सगळे शिक्षण इंग्रजीतून घेतलेल्या त्या डॉक्टरला ते फूल म्हणजे बुबुळावरचा पांढरा डाग आहे, हे शेजारी उभ्या असलेल्या सिस्टरकडून कळते. महाराष्ट्रातून ब्रिटनमध्ये नोकरीसाठी जाणाऱ्या परिचारिकेची आणि डॉक्टरची अडचण हीच असते, फक्त ती उलट्या बाजूने येते. 'कॉर्नियल ॲब्रेजन' म्हणजे बुबुळावरचा ओरखडा, हा शब्द त्यांना परीक्षेसाठी पाठ असतो, पण समोरचा गवंडी 'इट्स अ बिट ग्रिटी', म्हणजे डोळ्यात वाळू गेल्यासारखे खुपते, असे म्हणाला की क्षणभर गोंधळ उडतो. आपण इंग्रजी व्याख्यानांतून शिकलो, तर रुग्ण ते आईकडून आणि कामाच्या जागी शिकला. म्हणून आपल्याला जे शिकायचे राहिले आहे, ते अवघड इंग्रजी नसून घरगुती इंग्रजी आहे.

ब्रिटनमधील एका जिल्हा रुग्णालयाच्या नेत्र-तातडी विभागात मी काही वर्षे परिचारिका म्हणून काम केले. तेथे चुकत चुकत जे हाती लागले, ते डोळ्याच्या इजा आणि भाजणे या दोन विषयांपुरते येथे मांडत आहे. ओईटी या आरोग्य-कर्मचाऱ्यांसाठीच्या इंग्रजी परीक्षेतील बोलण्याच्या भागात सुमारे पाच-पाच मिनिटांचे दोन संवाद असतात आणि त्यांच्या तयारीत 'आय अंडरस्टँड युवर कन्सर्न' हे वाक्य इतके घोटले जाते की खऱ्या रुग्णासमोर ते पोकळ वाटू लागते. ते परीक्षेनंतर विसरले तरी चालेल.

पाणी आधी, वाक्ये नंतर

डोळ्यात रसायन उडालेल्या माणसाशी नाव, पत्ता, पूर्वीचे आजार अशा क्रमाने बोलू नये. एकच प्रश्न विचारावा, 'व्हॉट वेंट इन युवर आय?', आणि उत्तर येण्याआधीच त्याला पाण्याकडे न्यावे: 'वी नीड टु वॉश इट आउट, राइट नाउ.' घाईचे कारण आपल्याला ठाऊक असते. चुना, सिमेंट, ओव्हन साफ करण्याचे द्रव ही सारी अल्कली असून ती पेशींमधील चरबी विरघळवत आत मुरत जातात. बहुतेक आम्लांनी वरची प्रथिने गोठतात आणि पुढच्या आम्लाला थोडा अडसर तरी होतो. रुग्णाला यातले काहीच ठाऊक नसते, उलट 'बर्न' म्हणजे काहीतरी गरम, एवढेच त्याच्या डोक्यात असते, आणि म्हणून 'यू हॅव अ केमिकल बर्न' असे म्हटल्यावर 'बट इट वॉजन्ट हॉट' असे उत्तर मिळते. त्यावर एक वाक्य पुरते: 'केमिकल्स कॅन बर्न द आय इव्हन व्हेन दे आर कोल्ड.'

डोळा धुणे सहसा अर्धा तास किंवा त्याहून अधिक चालते, कित्येक लिटर सलाइन लागते, आणि दोन मिनिटांत रुग्णाला पुरे झाले असे वाटू लागते. त्यामुळे किती वेळ लागणार, हे सुरुवातीलाच सांगावे: 'धिस विल टेक ॲट लीस्ट हाफ ॲन अवर. आय नो इट्स हॉरिबल. यू आर डुइंग वेल.' आम्ल-अल्कली मोजणारी कागदी पट्टी लावताना 'पीएच' हा शब्द काढण्याची गरज नाही. 'धिस पेपर टेल्स मी इफ द केमिकल इज स्टिल देअर' असे म्हटले की पुन्हा धुणे का चालू आहे, हे त्याला आपोआप समजते. पट्टीवरचा आकडा ७ ते ७.४ च्या दरम्यान आला, तरी पाच-दहा मिनिटे थांबून तो पुन्हा पाहायचा असतो, आणि हे थांबणेही सांगून ठेवलेले बरे, नाहीतर रुग्ण कोट चढवून दाराशी उभा असतो. चुन्याचा खडा वरच्या पापणीखाली दडून राहतो म्हणून पापणी उलटावी लागते. त्याआधी 'आय ॲम गोइंग टु टर्न युवर आयलिड इनसाइड आउट. इट फील्स ऑड, बट इट्स क्विक' असे बोलून मगच हात लावावा.

आपल्याकडे तंबाखूच्या चुन्याची पुडी फुटून लहान मुलांच्या डोळ्यांत जाते. तिकडे कपडे धुण्याच्या द्रवाची मऊ कॅप्सूल मुले दाबतात आणि ती डोळ्यात फुटते. आई घाबरलेली असते आणि तिला 'सोप' म्हणजे निरुपद्रवी असे वाटत असते, म्हणून नेमके काय होते हे विचारताना वस्तूचे नाव तिच्याकडूनच घ्यावे आणि शक्य असेल तर डबा आणायला सांगावे. शब्द फसवे असतात. 'प्लास्टर' हा शब्द आपण हाडाच्या प्लास्टरसाठी वापरतो. ब्रिटिश माणूस तोच शब्द त्यासाठी वापरतो, जखमेवरच्या चिकटपट्टीसाठी वापरतो आणि भिंतीच्या गिलाव्यासाठीही वापरतो. 'आय गॉट प्लास्टर इन माय आय' हे शेवटच्या अर्थाने असते आणि ती तातडीची केस असते.

एकदा दूरध्वनीवर एका बाईंना मी सांगितले, 'कीप हिज आइज अंडर द टॅप.' पलीकडून उत्तर आले की फ्रीजरमध्ये बर्फ नाही. 'आइज' हा शब्द मी 'आइस' असा उच्चारला होता, आणि नवऱ्याला नळाखाली धरण्याऐवजी त्या बर्फ शोधत राहिल्या. मिनिटभर तरी गेलाच. 'आइज' म्हणताना स्वर लांबवावा लागतो आणि शेवटचा ध्वनी घोगरा, घशातून आवाज काढून उच्चारावा लागतो. हा फरक इतका बारीक आहे की दूरध्वनीवर मी त्या दिवसापासून 'हिज फेस अंडर द टॅप, विथ बोथ आइज ओपन' असे म्हणू लागले. असाच धोका 'फिफ्टीन' आणि 'फिफ्टी' यांत आहे, म्हणून मिनिटे सांगताना 'वन फाइव्ह, फिफ्टीन' असे फोड करून सांगावे. सर्वांत घातक जोडी मात्र 'कॅन' आणि 'कान्ट' ही आहे. 'यू कान्ट ड्राइव्ह' मधला शेवटचा 'ट' आपल्या तोंडून पुसट होतो, स्वरही आखूड राहतो, आणि रुग्ण गाडी घेऊन घरी निघतो. मनाई करताना संक्षेप वापरूच नये; 'डू नॉट ड्राइव्ह' असे दोन्ही शब्द सुटे, स्पष्ट उच्चारावेत.

आर्जव कोठे, आज्ञा कोठे

मराठीत 'वर बघा' या दोन शब्दांत सौजन्य 'बघा' या रूपातच आलेले असते. इंग्रजीत क्रियापदाला असे आदरार्थी रूप नाही, त्यामुळे 'लुक अप' एवढेच म्हटले तर रुग्णाला आपण चिडलो आहोत असे वाटते, आणि तक्रार आपल्याला कळतही नाही. स्लिट लॅम्प या डोळे तपासण्याच्या सूक्ष्मदर्शकासमोर बसवताना 'कुड यू पॉप युवर चिन ऑन हिअर फॉर मी, अँड युवर फोरहेड अगेन्स्ट द बार?' असे म्हणतात. हे 'फॉर मी' व्याकरणात निरर्थक असले तरी सौजन्याचे सगळे काम तेच करते. 'पॉप' म्हणजे येथे 'ठेवा'. पण 'डू नॉट पॉप द ब्लिस्टर' मध्ये तोच शब्द 'फोडू नका' असा होतो, म्हणून भाजलेल्या रुग्णाला 'आय विल पॉप अ ड्रेसिंग ऑन' आणि फोडाविषयीची सूचना एका श्वासात देऊ नये. फोडासाठी 'बर्स्ट' म्हणावे. डोळा धुताना मात्र हे सारे आर्जव गळून पडायला हवे. 'ओपन. लुक अप. लुक डाउन. गुड.' तेथे लांब वाक्य म्हणजे वाया गेलेला वेळ, आणि आवाज शांत असेल तर कोणालाही त्याचा राग येत नाही.

दुखणे विचारण्याची रीत

मराठी माणसाचा डोळा खुपतो, टोचतो, चुरचुरतो, झोंबतो, ठणकतो किंवा त्याची आग होते, आणि प्रत्येक शब्दातून आपल्याला वेगळा आजार दिसतो. इंग्रजीत गेल्यावर ही सगळी संपत्ती 'पेन' या एका शब्दात गुंडाळली जाते आणि मग 'इज देअर एनी पेन?' असा प्रश्न विचारला जातो, ज्याचे उत्तर 'येस' येते आणि निदान जेथल्या तेथे राहते. इंग्रजीतही हे शब्द आहेत. खुपण्याला 'ग्रिटी' किंवा 'स्क्रॅची', झोंबण्याला 'स्टिंगिंग', ठणकण्याला 'थ्रॉबिंग', आत खोल दुखण्याला 'अ डीप एक' म्हणतात, तर 'सोअर' हा शब्द कशावरही चालतो आणि म्हणून त्यावर थांबू नये. उपयोगी प्रश्न असा: 'इज इट ऑन द सरफेस, लाइक सँड, ऑर डीप इनसाइड, लाइक अ टूथएक?' पहिल्या उत्तराने आपण बुबुळावरचा ओरखडा किंवा कण शोधतो. दुसऱ्या उत्तराने, विशेषतः उजेडही सहन होत नसेल तर, डोळ्याच्या आतील दाहाचा विचार करावा लागतो.

काय चालले होते, हा प्रश्न तर याहून मोलाचा. 'वर यू ग्राइंडिंग, ऑर हिटिंग मेटल ऑन मेटल?' ग्राइंडरची ठिणगी बहुधा पृष्ठभागावर रुतते आणि खूप खुपते, तर छिन्नीवर हातोडा मारताना उडालेला बारीक तुकडा वेगाने डोळ्याच्या आत शिरू शकतो आणि रुग्ण 'इट्स फाइन नाउ, ऑनेस्टली' म्हणत बसलेला असतो. अशा संशयात डोळा धुवायचा नाही की दाबायचा नाही, आणि त्याला कारणासह सांगायचे: 'देअर मे बी अ पीस ऑफ मेटल इनसाइड. प्लीज डू नॉट रब इट ऑर प्रेस ऑन इट. नथिंग टु ईट ऑर ड्रिंक फॉर नाउ, इन केस यू नीड ॲन ऑपरेशन.' रात्री दोन्ही डोळे घट्ट मिटून, घळाघळा पाणी वाहत आलेल्या माणसाला 'वर यू वेल्डिंग टुडे, ऑर नियर समवन हू वॉज?' असे विचारावे. वेल्डिंगच्या अतिनील किरणांचा त्रास सहा ते बारा तासांनी सुरू होत असल्याने तो स्वतः दोन्ही गोष्टींचा संबंध लावत नाही.

नकारार्थी प्रश्न टाळावेत. 'यू वर नॉट वेअरिंग लेन्सेस?' याला मराठी मनाने 'येस' म्हणजे 'बरोबर, नव्हतो' असे वाटते, इंग्रजी रुग्ण 'नो' म्हणतो, आणि नोंदीत भलतेच उतरते. 'डू यू वेअर कॉन्टॅक्ट लेन्सेस?' असा सरळ प्रश्न ठेवावा. 'गॉगल' या शब्दाचीही गंमत आहे: आपल्याकडे तो उन्हाचा काळा चष्मा, तिकडे तो कारखान्यातला किंवा पोहण्याचा संरक्षक चष्मा. उजेड सहन होत नसलेल्या रुग्णाला 'वेअर गॉगल्स' असे सांगितले, तर तो पोहण्याच्या तलावाचा विचार करतो. तेथे 'सनग्लासेस' हवे. 'व्हॉट इज युवर नंबर?' असे विचारले तर तो दूरध्वनी क्रमांक सांगेल. नजर तक्त्यावर आपण ६/६ लिहिले, तरी बोलताना ब्रिटिश माणूसही 'ट्वेंटी-ट्वेंटी' म्हणतो. दोहोंचा अर्थ एकच, पहिला मीटरमध्ये आणि दुसरा फुटांत.

सापडलेली गोष्ट सांगताना अवयवाचे नाव नको, त्याचे रूप सांगावे. कॉर्निया म्हणजे 'द क्लिअर विंडो ॲट द फ्रंट ऑफ युवर आय', प्युपिल म्हणजे 'द ब्लॅक सर्कल इन द मिडल'. 'यू हॅव अ स्क्रॅच ऑन द क्लिअर विंडो. मोस्ट स्क्रॅचेस हील इन टू ऑर थ्री डेज.' नारिंगी रंगाचा थेंब घालण्यापूर्वी 'युवर नोज मे रन यलो फॉर अ बिट' हे सांगितले नाही तर रुमाल पाहून माणूस घाबरतो. बधिरतेचा थेंब पडताच दुखणे जादूसारखे थांबते आणि जवळजवळ प्रत्येकजण ती बाटली घरी मागतो. नुसते 'नॉट अलाउड' म्हणण्याऐवजी 'दे स्टॉप द आय हीलिंग, सो वी ओन्ली यूज देम हिअर' असे कारण द्यावे.

भाजणे, पोळणे

मराठी भाजणे आणि पोळणे यांत जसा भेद करते, तसा इंग्रजी 'बर्न' आणि 'स्काल्ड' यांत करते. उकळत्या पाण्याने, चहाने किंवा वाफेने झालेली इजा 'स्काल्ड', आणि हा शब्द घराघरांत ठाऊक आहे. प्रथमोपचाराचे वाक्य ठरलेले असावे: 'कूल रनिंग टॅप वॉटर, फॉर ट्वेंटी मिनिट्स.' येथे 'कोल्ड' म्हणू नये, कारण लोक बर्फाकडे वळतात. इजेनंतर तीन तासांच्या आत केलेले हे वीस मिनिटांचे धुणे उपयोगाचे असते, त्यामुळे तासाभराने आलेल्याला उशीर झाला असे सांगून बसवून ठेवू नये. लहान मूल मात्र पाण्याखाली गारठते, म्हणून 'कूल द बर्न, बट कीप द चाइल्ड वॉर्म' हे जोडूनच सांगावे. 'हॅव यू पुट एनीथिंग ऑन इट?' हा प्रश्न चेहरा सरळ ठेवून विचारावा. आपल्याकडे टूथपेस्ट किंवा शाई लावतात, तिकडे लोणी लावणारी आजी अजून आहे. कपाळाला आठी पडली की ती खरे सांगत नाही.

'फर्स्ट डिग्री, सेकंड डिग्री' ही भाषा तिकडच्या नोंदींत सहसा नसते. जखमेच्या खोलीनुसार 'सुपरफिशियल', 'पार्शियल थिकनेस', 'फुल थिकनेस' असे लिहितात. हे शब्द कागदावर ठीक, पण रुग्णाला 'सुपरफिशियल' ऐकू येते तेव्हा त्याला आपण त्याच्या वेदनेला क्षुल्लक म्हटले असे वाटते. त्याऐवजी 'इट हॅज बर्न्ट द टॉप लेअर ऑफ स्किन' किंवा 'इट हॅज गॉन राइट थ्रू द स्किन' असे म्हणावे. यातली कठीण बाब अशी की खोल भाजलेली जागा दुखत नाही, कारण मज्जातंतूच जळलेले असतात, आणि रुग्ण त्याला सुधारणा समजतो: 'इट डझन्ट हर्ट बिकॉज द नर्व्ह्ज आर डॅमेज्ड. दॅट मीन्स इट इज डीप, नॉट दॅट इट इज बेटर.' हे सांगताना आवाज खाली घ्यावा आणि पुढचे वाक्य लगेच बोलू नये.

चेहरा भाजला असेल तर डोळे आणि भाजणे हे दोन्ही विषय एकत्र येतात. आवाज घोगरा झाला आहे का, हे आधी पाहावे, 'हॅज युवर व्हॉइस चेंज्ड?', कारण धुराने श्वासनलिका सुजत असू शकते. डोळे लवकर तपासावेत, कारण सूज पुढच्या एक-दोन दिवसांत वाढते आणि पापण्या उघडेनाशा होतात. ही गोष्ट आदल्या दिवशीच न सांगणे ही मला सर्वांत निर्दय चूक वाटते. पहाटे जाग आल्यावर अंधार दिसलेला माणूस आपण आंधळे झालो असेच समजतो. 'युवर आयलिड्स मे स्वेल शट बाय टुमॉरो मॉर्निंग. यू मे नॉट बी एबल टु ओपन देम. दॅट विल बी द स्वेलिंग. इट डझ नॉट मीन यू हॅव लॉस्ट युवर साइट.' डोळ्यांची तपासणी निर्धोक आली असेल तरच हे शेवटचे वाक्य म्हणावे. नसेल तर 'आय ॲम अफ्रेड' ने सुरुवात करावी, ज्यात भीतीचा काही संबंध नसून पुढे वाईट बातमी येत आहे एवढाच इशारा असतो.

मूल भाजले असेल तर 'व्हाय' ने सुरू होणारा प्रश्न विचारू नये. 'व्हाय वॉज द टी ऑन द टेबल?' हा प्रश्न नव्हे, आरोप आहे. 'टेल मी व्हॉट हॅपन्ड, फ्रॉम द बिगिनिंग' म्हणून ऐकत राहावे आणि पालकांचे शब्द आहेत तसेच लिहावेत, कारण कथा आणि जखम जुळत नसतील तर पुढच्या चौकशीत त्याच शब्दांना किंमत येते. घरी पाठवताना, पुढे ताप, अंगावर पुरळ, उलट्या किंवा गुंगी यांपैकी काहीही दिसले तर ताबडतोब परत यावे, 'इव्हन इफ द बर्न लुक्स फाइन', असे बजावावे. लहानशा भाजण्यानंतरही मुलांमध्ये विषारी संसर्ग झपाट्याने होऊ शकतो.

घरी पाठवताना

'एनी डाउट्स?' असे विचारू नये. आपल्या इंग्रजीत 'डाउट' म्हणजे शंका, त्यांच्या इंग्रजीत तो अविश्वास. 'डिड यू अंडरस्टँड?' यालाही कोणी 'नो' म्हणत नाही. सांगितलेले त्यांच्याच तोंडून ऐकण्यासाठी चूक आपल्या पदरी घ्यावी: 'आय वॉन्ट टु बी शुअर आय एक्सप्लेन्ड इट प्रॉपर्ली. कुड यू टेल मी हाउ यू विल यूज द ड्रॉप्स?' आणि ड्रॉप्सबद्दल बोलताना 'फोर टाइम्स अ डे' इतकेच न म्हणता वेळा जोडून द्याव्यात. मात्र 'टी' हा शब्द उत्तर इंग्लंडमध्ये संध्याकाळच्या जेवणासाठी वापरतात हे लक्षात ठेवून घड्याळाचे आकडे सांगितलेले बरे. ड्रॉप्स आधी, मलम नंतर, मध्ये पाच मिनिटे. बाटली सहसा उघडल्यापासून २८ दिवसांनी टाकायची असते, ती तारीख आपणच लिहून द्यावी.

परत कधी यायचे, हे 'इफ एनी प्रॉब्लेम' मध्ये मावत नाही. 'मोअर पेन, लेस साइट, ऑर इफ लाइट हर्ट्स मोअर' हे तीन मुद्दे पुरतात, आणि डोळ्याला जोराचा मार बसला असेल तर चमका, तरंगणारे काळे ठिपके आणि बाजूने पडदा ओढल्यासारखे दिसणे यांची त्यात भर घालावी.

इतके करून माहितीपत्रक हातात द्यायचे, आणि येथेच आम्ही बहुतेकजण फसतो. समोरच्याच्या एका डोळ्यावर आच्छादन असते, दुसऱ्यातली बाहुली थेंबांनी मोठी झालेली असते आणि पुढचे काही तास त्याला जवळचे वाचता येणार नसते. पत्रक मोठ्याने वाचून दाखवावे, सोबत आलेल्या माणसाला जवळ बसवावे, आणि औषधाच्या खोक्यांवर जाड काळ्या मार्करने '1' आणि '2' असे इंग्रजी आकडे शक्य तितके मोठे काढून द्यावेत.